पेला, पाकीट आणि पोस्त



ग्रुप डान्सच्या आधी बोलायला उभा राहिलेला पाहुणा कुणालाच नको असतो, तेव्हा आटोपतं घेतो.

आठवीत निबंधात दुसरा आलो, तेव्हा याच पटांगणात मला स्टीलचा पेला मिळाला. त्यावर नाव घातलेलं होतं, तेही चुकीचं. श्रीकांतवरचा अनुस्वार राहिला होता. आई पाहुण्यांना त्यातच पाणी द्यायची, नाव त्यांच्याकडे येईल असा धरून. त्याच वर्षी मामाने दिलेल्या दहा रुपयांचं काय केलं, ते मात्र आठवत नाही.

पुढे तीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात पगार काढले. निवृत्तीनंतर जर्मनीतल्या एका विद्यापीठातला प्रयोग वाचला, २०१२ मध्ये छापून आलेला. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायला तीन तासांसाठी विद्यार्थी घेतले होते. काहींना ठरल्या मजुरीवर सात युरो जास्त दिले, काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास. पैसेवाल्यांचं काम जेमतेम वाढलं, थर्मासवाल्यांचं चांगलं पाव पटीने. मग काय हवं ते निवडा म्हटल्यावर? बहुतेकांनी पैसेच मागितले! आणखी गंमत म्हणजे, तेच सात युरो नोटेला घड्या घालून सदरा करून दिले, नाण्यावर हसरा चेहरा काढला, तर काम थर्मासइतकंच वाढलं. कुणीतरी आपल्यासाठी खटपट केली, एवढंच त्यात जास्त होतं.

पण हे साहेबलोकांना सांगायची भीती वाटते. आमच्याकडे एका दिवाळीत बोनस कापून मिठाईचे डबे वाटले. संध्याकाळी गेटच्या कठड्यावर न उघडलेल्या डब्यांची रांग लागली होती. बोनसवरचं हे भांडण जुनंच. मुंबईच्या गिरणीमालकांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत बोनस दिला, पुढे तो बंद केला आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरण्यांत मोठा संप झाला. मालकांच्या लेखी ती पोस्त होती, कामगारांच्या लेखी पगार. या वादाच्या चौकशीसाठी नेमलेल्या, मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीनेही तो हक्क मानला नाही. बोनसचा कायदा यायला १९६५ उजाडलं.

आज टेबलावर पाकिटं दिसताहेत. मघाशी चोरून वाचलं. कुणाला, कशाबद्दल, हे बाईंनी प्रत्येकावर हाताने लिहिलंय. एकावर आहे, ‘वर्षभर वाचनालय आवरल्याबद्दल’. त्याच्यापासूनच सुरुवात करू. बाई, पुकारा नाव.