रुपयात बजेट, पौंडात खर्च

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावात आलो की मला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणकोणत्या हिरोला भेटलास?" मी सिनेमाचा हिशेबनीस. हिरो मला फक्त व्हाउचरवर भेटतो. आयोजकांनी सांगितलं, तुझं काम नेमकं काय ते पंधरा मिनिटांत सांग. सगळं सांगत बसलो तर जेवण थंड होईल, म्हणून एकच भाग घेतो. शूटिंग परदेशात असतं तेव्हा दोन-तीन देशांच्या पैशांचा हिशेब एका बजेटमध्ये कसा बसवायचा, तो.

हे दुखणं नवीन नाही. आपला सिनेमा सुरूच त्यातून झाला. दादासाहेब फाळके 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी 10,000 रुपयांचं कर्ज काढलं होतं. विल्यमसन कॅमेरा घेतला 50 पौंडांना. कर्ज रुपयात, खरेदी पौंडात. पण त्या काळी पौंडाचा भाव 15 रुपयांना बांधलेला होता. कॅमेरा 750 रुपयांना पडणार हे माणसाला बोटीवर चढण्याआधीच कळत होतं. पुढे 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, ते सर्वांना ठाऊक आहे.

आज भाव बांधलेला नाही. 2013 साली मे महिन्यात डॉलर 54-55 रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टच्या अखेरीस तो 68 च्या वर गेला. मेमध्ये बजेट मंजूर करून सप्टेंबरात अमेरिकेत शूटिंग लावलेल्या निर्मात्याची अवस्था विचारू नका. एक शॉटसुद्धा न वाढवता त्याचा तिथला खर्च पाचवा हिस्सा वाढला होता. हिंदीतला मोठा निर्माता ते सोसतो. मराठी निर्माता पुष्कळदा घर किंवा जमीन तारण ठेवून उतरलेला असतो. पैसा कमी पडला की कात्री लागते ती शेवटच्या कामांना, म्हणजे डबिंग, पार्श्वसंगीत आणि लाइटवाल्या पोरांचा उरलेला पगार. म्हणून हा विषय मला नुसता आकडेमोडीचा वाटत नाही.

आता सॉफ्टवेअर. आमच्या धंद्यात मूव्ही मॅजिक बजेटिंगसारखी सॉफ्टवेअर वापरतात. आधी एक मूळ चलन ठरवायचं. माझा नियम साधा आहे, ज्या चलनात पैसे उभे केले तेच मूळ. मग चलनांचा तक्ता भरायचा आणि खर्चाच्या प्रत्येक ओळीला तिचं चलन लावायचं. लंडनचं हॉटेल पौंडात, मुंबईचा एडिटर रुपयात. तक्त्यातला दर एकदा बदलला की सगळ्या ओळी आपोआप बदलतात. त्रैराशिक आहे हो, सर! तुम्ही छडी घेऊन शिकवलंत तेच. फक्त छडी गेली.

तक्ता भरताना मात्र डोळे उघडे हवेत. जपानी येनचा संदर्भ दर आपल्याकडे 100 येनला सांगतात. मंचरला कांद्याचा भाव 10 किलोला बोलतात आणि लासलगावला क्विंटलला, तसंच हे. समजा 100 येनला 55 रुपये आहेत आणि कोणी 1 येनपुढे 55 लिहून मोकळा झाला, तर 3,000 येनचं जेवण 1,650 ऐवजी 1,65,000 रुपयांचं दिसतं. एवढा मोठा आकडा निदान डोळ्यात खुपतो. दहा-पाच टक्क्यांची चूक खुपत नाही, ती जास्त वाईट.

दर आपोआप बदलतो ही सोय आहे, तसाच सापळाही आहे. उदाहरण देतो. समजा हॉटेलसाठी 5,000 पौंड धरले, दर 100 रुपये. म्हणजे 5,00,000. प्रत्यक्षात खर्च झाले 4,800 पौंड, पण तोवर दर 108 झाला. बिल झालं 5,18,400 रुपये. निर्माता कागद बघतो आणि प्रॉडक्शन मॅनेजरला झापतो, "18,400 जास्त कसे गेले?" खरं तर त्या पोराने घासाघीस करून 200 पौंड, म्हणजे बजेटच्या दराने 20,000 रुपये वाचवलेले असतात. 38,400 खाल्ले ते पौंडाच्या भावाने. एका कंपनीत अशाच कागदावरून एका चांगल्या मुलाची नोकरी गेलेली मी पाहिली आहे.

म्हणून मंजूर बजेटचा दर मी गोठवतो. तो शेवटपर्यंत हलवायचा नाही. खर्चाच्या अहवालात प्रत्यक्ष दर लिहायचा आणि विनिमयातला फरक वेगळ्या ओळीत दाखवायचा. माणसाचा दोष एका जागी, बाजाराचा दुसऱ्या जागी. आणि वर्तमानपत्रातला दर कधीच धरायचा नाही. बँक परदेशी पैसे पाठवताना तिचा दर लावते, कार्डाचा वेगळा असतो, रोख नोटांचा आणखी महाग. काही देश तिथे केलेल्या खर्चाचा काही भाग परत देतात, पण तो त्यांच्या चलनात आणि महिन्यांनंतर येतो. त्याच्या भरवशावर आज उसनवारी करू नये.

यावर उपाय आहे का? थोडा आहे. बँकेशी वायदा करार करून पुढच्या तारखेचा दर आधीच बांधून घेता येतो. हे कळायला मला लंडनपेक्षा नारायणगाव जास्त उपयोगी पडलं. पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी ठरवतात. रक्कम त्या दिवशी पक्की. नंतर डिझेल महागलं तरी फडमालकाला गाडी न्यावीच लागते. फरक इतकाच की सुपारीत जोखीम फडमालकाच्या गळ्यात राहते आणि वायद्यात ती बँक घेते, अर्थात फुकट नव्हे. शिवाय शूटिंग रद्द झालं तरी करार पाळावा लागतो. त्यामुळे मी सगळ्या रकमेचा वायदा करत नाही. जो खर्च होणारच, म्हणजे हॉटेल, गाड्या, तिथल्या लोकांचा पगार, तेवढ्याचाच करतो.

मघाशी एका मैत्रिणीने विचारलं, मुलाला या लाइनला टाकू का? तो बी.कॉम. करतोय. जरूर टाक. कॅमेऱ्यासमोर गर्दी आहे, हिशेबाच्या टेबलावर माणसं मिळत नाहीत. लोणी-धामणीच्या कोरडवाहू शेतीत आपण वाढलो. पाऊस येईल असं धरून चालायचं नाही, हे आपल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. आधी एखाद्या सी.ए.कडे दोन वर्षं घासू दे, मग माझ्याकडे पाठव. माझा नंबर बॅचच्या ग्रुपवर आहे.

आयोजकांनी आता घड्याळ दाखवलं आहे. थांबतो.