आपली शेजारीण मिरज



वर्धापनदिनाला एखाद्या शहराची ओळख करून द्यावी असे कार्यकारिणीने मला सांगितले, तेव्हा मैत्रिणींनी दूरदूरची नावे सुचविली. मी मात्र मिरज निवडली. किर्लोस्करवाडीला गाडीत बसावे आणि हातातले विणकाम चार ओळी पुढे सरकते न सरकते तोच उतरावे, इतकी ती जवळ. तरी आपल्यातल्या बहुतेकींनी ती पाहिलेली नाही, असे म्हटले तर रागावू नका. आपण मिरजेला जातो ते कुणाचे ऑपरेशन असते म्हणून, नाहीतर पंढरपूर-बेळगावची गाडी बदलायची असते म्हणून. दवाखान्याच्या बाकावर बसून का कुठे शहर दिसते?

दवाखान्यांचा हा लौकिक जुनाच आहे. डॉ. वानलेस या कॅनडाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली येथे इस्पितळ उभारले. त्याही आधीची मिरज लढायांची. १६६० च्या प्रारंभी शिवाजी महाराजांनी इथल्या किल्ल्याला वेढा घातला होता. पण सिद्दी जौहर चालून येतो आहे हे कळताच ते पन्हाळ्याकडे निघाले. किल्ला मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या वेळी, १७३९ मध्ये. पुढे १७६१ साली तो गोविंदराव पटवर्धनांना मिळाला, आणि १८०१ मध्ये घरच्या वाटणीत सांगली वेगळी झाली. वाटणीच्या गोष्टी आपल्याला नव्याने सांगायला नकोत! सनावळ्या इथेच पुरे करते.

मला सांगायचे आहे ते गाण्याचे. विष्णु दिगंबर पलुस्कर हे नाव आपण सगळ्यांनी ऐकले आहे, पण त्या आडनावात आपले पलूस आहे हे मुलांना सांगतो का? पंडितजींचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने डोळे दुखावले. इलाजासाठी मुलाला मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडे आणले. दृष्टी पूर्ववत होईना, मात्र मुलाचा गळा चांगला. संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण सुरू झाले. डोळ्यांसाठी आलेले पोर गाणे घेऊन बाहेर पडले.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. त्यामागे अशी हकिकत सांगतात, की एका समारंभाला त्यांना बोलावणे आले, पण त्यांच्या गुरूंना नाही. कारण विचारले, तर उत्तर मिळाले, की ते काय, गवई! ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे दरबारातून उचलून साध्या घरांतल्या मुलामुलींपुढे ठेवले. आज आपल्या मुली पेटी घेऊन परीक्षांना बसतात आणि कुणी नाक मुरडत नाही, याचे बरेचसे श्रेय त्यांना आहे. १९३१ साली त्यांनी देह ठेवला तोही मिरजेतच.

हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मल्या. त्यांचे वडील अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली वारले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात तेथे गवई येऊन हजेरी लावतात. त्याच उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाकडे असतो, हेही जाता जाता सांगते. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही गाणे असते.

आता सतारमेकर गल्ली. फरीदसाहेबांचे घराणे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. हत्यारांची गिऱ्हाइके संपत आली तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, त्यांनी तंबोरे आणि सतारी हाती घेतल्या. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो कित्येक महिने वाळवायचा, कापायचा, त्यावर तबली बसवायची, तुणीच्या लाकडाची दांडी जोडायची. बायकांसाठी सूर उंच म्हणून तंबोरा लहान. पण खरे कसब घोडीवर जवारी काढण्याचे. ती घासताना माप नाही, यंत्र नाही. तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. भाकरी तव्यावरून कधी उतरवायची हे जसे आपल्याला कुणी घड्याळ लावून शिकवलेले नाही, तसेच ते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मान मिळाला हे छानच. पण काम शिकायला पोरे आली पाहिजेत आणि गिऱ्हाईकही आले पाहिजे.

फ्रान्सच्या ईशान्य भागात मिरकूर नावाचे एक गाव आहे. तीनशे वर्षांहून अधिक काळ तेथे व्हायोलिने बनत आली. पुरुष लाकूड कोरीत, बायका सुंदर लेस विणीत. विसाव्या शतकात तो धंदा खालावला. पण गावाने वाद्यांचे संग्रहालय केले आणि १९७० साली वाद्ये बनविण्याची शाळा काढली. माणसे ते गाव पाहायला मुद्दाम जातात. आपल्याला तर मिरजेला जायला मुद्दाम म्हणण्याइतकेही लांब जावे लागत नाही.

आता थोडे घरचे. आपल्या भजनी वर्गाचा जुना तंबोरा कपाटामागे उभा आहे. दोन तारा नाहीत, भोपळ्याला चीर गेली आहे. पेटीएवढा विजेचा तंबोरा आल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही, आणि पुढच्या सभेत तो देऊन टाकण्याचा ठराव यायचा आहे. माझा विजेच्या तंबोऱ्याला विरोध नाही. लाईट असेपर्यंत तो बिचारा सुरात असतो. पण ज्या गावाचे नाव पलुस्करांनी लाहोरपर्यंत नेले, त्या गावच्या मंडळाने तंबोरा अडगळीत काढावा हे मला पटत नाही. दुरुस्तीला खर्च येईल, हे मान्य. म्हणून माझी सूचना अशी, की यंदाची सहल लांबची न काढता मिरजेची काढावी आणि उरलेल्या पैशांतून तंबोरा नीट करून घ्यावा.

सहलीत आणखी एक ठिकाण धरावे, ते मिरज स्टेशन. गाडी बदलण्यासाठी नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले होते. तेव्हा याच स्टेशनातून कृष्णेचे पाणी भरून आगगाडी निघाली, पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर. हंड्यासाठी रांगेत उभे राहणे काय असते हे ज्या बायकांना ठाऊक आहे, त्यांनी तो फलाट एकदा पाहावा.

ठराव पुढच्या सभेत आहे. त्याआधी ज्यांना जमेल त्यांनी कपाटामागचा तंबोरा बाहेर काढून पाहावा. उरलेल्या दोन तारा अजून बोलतात. आणि सहलीची नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. डबा मात्र ज्याचा त्याने आणावा.