पिशवी कुणी उचलायची?



वाणसामान घरपोच मागवणं परवडतं का, ही चर्चा आता कर्जत-खोपोलीच्या लोकलमध्येही रंगते. मुंबईत म्हणे दहा मिनिटांत दूध-ब्रेड दारात हजर. आपल्याकडे दहा मिनिटांत फार तर रेल्वेचं फाटक उघडतं. तरी कर्जत, नेरळ, खोपोलीच्या नव्या सोसायट्यांमध्ये सामानाची खोकी उतरू लागली आहेत. डोंगराकडच्या वाडीचा पत्ता टाकला, की मात्र बहुतेक वेळा 'सेवा उपलब्ध नाही' एवढंच उत्तर मिळतं.

घरपोच सामानाचा खरा खर्च बघायचा, तर आपल्याच कर्जत तालुक्यातलं माथेरान बघा. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून पुढे पिठाचं पोतं असो की तेलाचा डबा, सामान वर्षानुवर्षं घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर गेलेलं आहे. वस्तू वर महाग मिळते, आणि ती का महाग, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोड्याचा चारा आणि हातगाडीवाल्याची मजुरी त्या भावात धरलेली असते.

अ‍ॅपवर हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. 'डिलिव्हरी फ्री' लिहिलं म्हणून पिशवी आपल्या पायांनी जिना चढत नाही. तिचे पैसे कुणीतरी भरतंच. कधी वस्तूच्या भावातून आपण भरतो, कधी गिऱ्हाईक जोडण्यासाठी कंपनी तोटा सोसते, तर कधी भर पावसात स्वतःच्या पेट्रोलवर गाडी हाकणाऱ्या पोराच्या कमाईतून ते जातात.

आणखी एक मेख आहे. मोफत डिलिव्हरीला ठरावीक रकमेची अट असते. शहरातल्या घरात तांदूळ घेतला की ती बरीचशी भरते. आपल्याकडे ज्यांची शेती आहे, त्यांचा तांदूळ घरचा, गिरणीवरून भरडून आणलेला. यादीत उरतात चहा, साखर, डाळ आणि साबण. रक्कम भरेना, की दोन बिस्किटपुडे आणि एक शाम्पू वाढतो. चाळीस रुपये वाचवायला शंभर रुपये खर्च झाले, हे महिनाअखेरीला कळतं.

न मागितलेली वस्तू यादीत ढकलायची, पैसे भरायच्या क्षणी नवंच शुल्क दाखवायचं, अशाही क्लृप्त्या असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांची यादी दिलेली आहे आणि त्यांना मनाई आहे. तेव्हा बिल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. फसगत झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ लक्षात ठेवा.

मग मागवूच नये का? तसं मुळीच नाही. मुलगा पुण्याला, गुडघे कुरकुरतायत आणि घर तिसऱ्या मजल्यावर, अशा आजी-आजोबांना पन्नास रुपये शुल्क जड नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या बाईची उरलेली तासाभराची उसंत त्याहून मोलाची आहे. कशेळ्याकडच्या माणसाने केवळ साखर-साबणासाठी कर्जत गाठायचं म्हटलं, तर जाण्यायेण्याचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. पण तो केवळ साबणासाठी येतोच कुठे? तहसील कचेरी, बँक, डॉक्टर, अशी चार कामं एका खेपेत उरकतो. बाजार त्या खेपेत फुकट होतो.

खेप वाटून घेण्याची ही युक्ती मराठी माणसाने संघटितपणेही वापरली आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, सामान एका घरी उतरवून घ्यायचं आणि आपापसांत वाटायचं. घाऊक खरेदीमुळे भाव आटोक्यात राहतो आणि वाहतूक सगळ्यांत विभागली जाते. आपल्या सोसायट्यांना आणि महिला बचत गटांना हा मार्ग आजही मोकळा आहे. जिथे अ‍ॅप पोचत नाही, त्या वाडीला तर तो जास्तच उपयोगाचा.

गावातल्या वाण्यालाही विसरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकली, की अनेक दुकानदार सामान पोचवतात. भाव दोन रुपये चढा असेल, पण लावणीच्या दिवसांत हात आखडला असताना भात घरात येईपर्यंत वहीवर मांडून थांबणारा तोच असतो. हिशेब करताना ही उधारीही धरा.

माझं म्हणणं एवढंच, की वजन घरपोच मागवा आणि निवड स्वतः करा. तेलाचा सीलबंद डबा, पीठ, साबण कुठूनही आले तरी तेच. त्यांच्यासाठी खांदे दुखवायचं कारण नाही. भाजी, फळं आणि मासळी मात्र हाताळूनच घ्यावी. पावसाच्या तोंडावर ठाकूर-कातकरी बायका बाजारात शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, तेव्हा त्यांच्या टोपलीत काकडाची फळंही असतात. काकडं घातल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. किती शेवळांना किती काकडं, आतला कोणता भाग काढून टाकायचा, हे ती बाई जुडी हातात देतादेता सांगते. तिचे पैसेही थेट तिच्याच हाती पडतात, मध्ये कुणी नसतं.

या महिन्याची यादी करताना कागदावर मधोमध एक रेघ मारा. डावीकडे जड आणि सीलबंद सामान लिहा, उजवीकडे निवडून घ्यायचं. डावी बाजू अ‍ॅपला, वाण्याला किंवा शेजाऱ्यांच्या संघाला द्या, जो स्वस्त आणि सोयीचा पडेल त्याला. उजव्या बाजूसाठी पिशवी घेऊन बाजारात या.