पिकांचे शत्रू आणि त्या शत्रूंचे शत्रू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतसाहित्य, नाट्यसंगीत, बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणूस अशा भारदस्त विषयांवर भाषणे झाली. त्यानंतर किडामुंगीवर बोलण्यास उभ्या राहिलेल्या माणसाविषयी आपल्या मनात शंका येणे साहजिक आहे. त्यातून मी कीटकशास्त्रज्ञ नव्हे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या लेखा खात्यात इतरांचे जमाखर्च तपासत आलो. परंतु माझ्या स्वतःच्या घरच्या एका जमाखर्चात मी केलेली चूक मला अद्याप विसरता आलेली नाही. ती आपल्यापुढे मांडावी असे वाटले. कारण गावाकडे एखादा एकर जमीन आणि त्या जमिनीत राबणारा एखादा भाऊ वा चुलता नाही, अशी घरे या सभागृहात थोडीच असतील.

गोष्ट २००२ सालची. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचे गाव. वडील गेल्यापासून जमीन माझे थोरले बंधू पाहतात. त्या वर्षीच्या जुलैमध्ये सांगली भागातील उसावर एक नवी कीड दिसली. तिचे नाव लोकरी मावा. ईशान्य भारतात ती पूर्वीपासून माहीत होती. पण आपल्या भागातील शेतकऱ्याने ती कधी पाहिली नव्हती. उसाच्या पानाच्या मागच्या बाजूस कोणी पिंजलेला कापूस ओळीने चिकटवावा, तसे हे किडे दिसतात. ते पानातील रस शोषतात आणि गोडसर चिकटा टाकतात. तो खालच्या पानांवर ठिबकतो, त्यावर काळी बुरशी चढते, आणि हिरवागार फड काजळी धरल्यासारखा होतो. काही महिन्यांत ही कीड पश्चिम महाराष्ट्रातून उत्तर कर्नाटकात पसरली.

दिवाळी झाल्यावर एका रात्री दादाचा फोन आला. आवाजात काळजी होती. मी एकच प्रश्न विचारला, "औषध मारलेस का?" त्याने एकदा मारले होते. मी म्हणालो, "पुन्हा मार, पैशांची काळजी करू नकोस," आणि दुसऱ्या दिवशी पाच हजारांची मनीऑर्डर केली. शिकलेल्या, नोकरदार धाकट्या भावाने आपले कर्तव्य केले, असे समाधान मला त्या रात्री वाटले.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधतो. पिकावर फवारायच्या विषाला आपण "औषध" म्हणतो. "औषध मारले", "औषध आणायला गेला आहे", असे सहज बोलतो. शब्द औषधाचा असला की भीती राहत नाही, आणि औषध जास्त घेतले तर गुण लवकर येईल असेही वाटू लागते.

उभ्या उसात, डोक्यापेक्षा उंच पिकात, पाठीवर पंप घेऊन दादाने तीन वेळा फवारणी केली. वरच्या पानांवर उडालेले विष त्याच्याच तोंडावर आणि छातीवर गळत होते. तिसऱ्या फवारणीच्या संध्याकाळी त्याला चक्कर आली, उलट्या झाल्या, आणि दोन दिवस तालुक्याच्या गावी दवाखान्यात ठेवावे लागले. वहिनींनी मला हे कळवले नाही. संक्रांतीला मी गावी गेलो, तेव्हा शेजाऱ्यांकडून कळले.

त्याच भेटीत दुसरी एक गोष्ट पाहिली. आमच्या बांधाला लागून एका विधवा मावशींचा अर्ध्या एकराचा ऊस होता. त्यांच्याजवळ फवारणीला पैसेच नव्हते. आमच्या फडात मावा पुन्हा बोकाळला होता; त्यांच्या फडात मात्र तो विरळ झालेला दिसला. मावशींनी एक पान उलटे करून दाखवले. पांढऱ्या मावाच्या थरात रेशमी जाळे विणून एक हिरवट-करडी अळी बसली होती, आणि तिच्या मागे पान स्वच्छ होत गेले होते. मावशी म्हणाल्या, "मी काय केलं न्हाई बाबा. ही आपनहून आली."

ती अळी "डिफा" नावाच्या एका पतंगाची होती, हे मला पुढे कळले. तिच्या जोडीला "मायक्रोमस" हा मावा खाणारा दुसरा कीटक. मांजरीची वसंतदादा साखर संस्था, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि दोन्ही राज्यांतील कृषी विद्यापीठे यांनी या कीटकांचा अभ्यास केला. अळ्या असलेली पाने कापून नव्या फडांत नेऊन बांधण्याचा मार्ग शेतकऱ्यांनी अवलंबिला. ईशान्येकडून "एन्कार्सिया" नावाची एक सूक्ष्म गांधीलमाशीही आणून सोडण्यात आली आणि ती येथे स्थिरावली. लोकरी मावा नाहीसा झाला नाही, पण त्याची दहशत ओसरली. मावशींच्या शेतात आपणहून आलेला पाहुणा आमच्या शेतातही आलाच असणार. आम्ही त्याला तीन वेळा विष घातले, आणि त्या विषाचे पैसे मी पाठवले होते.

बंगळुरास परतल्यावर मी हा विषय वाचू लागलो. आणि गंमत अशी, की ज्याचा शोध घ्यायचा ते माझ्या नेहमीच्या वाटेवरच होते. आपण विमानतळाकडे जाताना हेब्बाळवरून ज्या बळ्ळारी रस्त्याने जातो, त्याच रस्त्यावर या विद्येचे देशातील मुख्य पीठ आहे. १९५७ साली राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र बंगळुरात सुरू झाले. १९७७ मध्ये या विषयाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प उभा राहिला, १९९३ मध्ये त्याचे संचालनालय झाले, आणि २०१४ पासून ती संस्था "राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो" या नावाने ओळखली जाते.

या विद्येचे सूत्र सोपे आहे. निसर्गात प्रत्येक किडीला खाणारे कोणी तरी असते. काही कीटक तिला सरळ फस्त करतात, ढालकिडे त्यांतले. काही तिच्या अंड्यात वा शरीरात आपले अंडे घालतात आणि त्यांचे पिल्लू तिला आतून पोखरते. काही बुरशा, जिवाणू आणि विषाणू तिला रोगी करतात. हा पहारा अखंड चालू असतो, म्हणूनच हजारो प्रकारच्या किडींपैकी थोड्याच आपल्या पिकांच्या वाट्याला येतात. पहारा उठतो तो दोन प्रसंगी. एक, कीड परमुलखात येते आणि तिचे वैरी मागे, मायदेशी राहतात. दुसरा, आपणच विष फवारून पहारेकऱ्यांना मारतो. कीड पुन्हा झपाट्याने वाढते; तिला खाणारे मात्र सावकाश परततात.

पहिल्या प्रसंगावरचा उपाय म्हणजे किडीच्या माहेरी जाऊन तिचा वैरी शोधून आणणे. कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागा एका ऑस्ट्रेलियन खवलेकिडीने नष्ट होऊ घातल्या होत्या. १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले या संशोधकाने ऑस्ट्रेलियातून "रोडोलिया" हा ढालकिडा पाठवला आणि वर्ष-दोन वर्षांत बागा वाचल्या. हीच कीड १९२८ साली निलगिरीत दिसली, तेव्हा तोच ढालकिडा येथेही आणला गेला. ऑस्ट्रेलियाचाच "क्रिप्टोलीमस" हा दुसरा ढालकिडा १८९८ मध्ये कॉफीच्या किडीसाठी दक्षिण भारतात आला. त्याने पुढे द्राक्षांवरच्या पिठ्या ढेकणाचा समाचार घेतला. पिठ्या ढेकूण पिकलेल्या लाल भोपळ्यांवर वाढवायचा आणि त्यावर हे ढालकिडे पोसून बागेत सोडायचे, अशी रीत आहे. तासगावच्या वा नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला जो पिठ्या ढेकूण रडवतो, त्याचा वैरी भोपळ्यावर पोसला जातो, हे ऐकून मला मोठी मौज वाटली.

आता आपल्या या शहरातील गोष्ट. २००८ साली कोइमतूरला पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. त्याचे मूळ स्थान मेक्सिको आणि मध्य अमेरिका. दोन वर्षांत तो तमिळनाडू, कर्नाटक आणि पुण्याकडच्या पपईबागांपर्यंत पोहोचला. पपईवरून तुतीवर, कसाव्यावर आणि घरोघरच्या जास्वंदीवर गेला. मेणचट पिठाच्या आवरणामुळे फवारा त्याच्या अंगाला नीट लागत नसे. माझ्या घरामागेही एक पपईचे झाड होते. फळे पांढऱ्या पिठाने लडबडली आणि पाने आक्रसली. सौभाग्यवतींनी बाजारातून बाटली आणायला सांगितले. मी प्रथमच म्हणालो, "जरा थांबू या."

हे थांबणे सोपे नव्हते. रोज झाड अधिकाधिक विद्रूप होत होते आणि शेजारी सल्ला देत होते. आम्ही साबणाच्या पाण्याने खोड धुतले आणि मुंग्यांची वाट बंद केली. कारण मुंग्या गोड चिकट्यासाठी पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि त्याच्या वैऱ्यांना हुसकावतात. दरम्यान, बळ्ळारी रस्त्यावरच्या त्याच संस्थेने जुलै २०१० मध्ये अमेरिकन कृषी खात्याच्या साहाय्याने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या सूक्ष्म गांधीलमाश्या आणल्या होत्या. त्यांतील "ॲसेरोफॅगस" सर्वांत गुणकारी ठरली. पण परदेशी जीव आणला आणि सोडला, असे करता येत नाही. आधी त्याला बंदिस्त ठेवून, तो आपल्या उपयुक्त कीटकांना अपाय करणार नाही, याची परीक्षा करावी लागते. ती झाल्यावर मोड आलेल्या बटाट्यांवर पिठ्या ढेकूण वाढवून त्यावर या माश्यांची पैदास केली गेली, आणि ऑक्टोबर २०१० पासून त्या बागांतून सोडण्यात आल्या. माशी एक मिलिमीटरहूनही लहान. तिच्या पिल्लाने पोखरलेला ढेकूण फुगून पिवळट, ताठ होतो. मग त्याला वाटोळे भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. जेथे त्या सोडल्या, तेथे पाच-सहा महिन्यांत कीड ओसरू लागली.

आमच्या झाडावर कोणी माश्या आणून सोडल्या नव्हत्या. पण पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी भिंग घेऊन पाहतो, तो निम्म्या ढेकणांच्या पाठीला भोके! सौभाग्यवतींना हाक मारून ते दाखवताना मला जो आनंद झाला, तो बढतीच्या पत्रानेही झाला नव्हता. पण त्याच क्षणी दादाच्या तोंडावर गळणारे विषही डोळ्यांपुढे आले.

तिसरा प्रसंग धान्याचा. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली. २०१६ साली आफ्रिकेत शिरलेली ही कीड दोन वर्षांत येथे आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. मक्याच्या पोंग्यात बसून ती कोवळी पाने कुरतडते. पुढच्या खरिपात दादाने मका पेरला होता. त्याचा फोन आला. या वेळी मी पैशांचे बोललो नाही. विचारले, "पानाच्या मागे काय दिसते?" तो हसला आणि म्हणाला, "मी पाहूनच फोन केला आहे." त्याने अंड्यांचे पुंजके वेचून चिरडले होते आणि कामगंध सापळे लावले होते. सापळ्यात पतंग दिसू लागताच त्याने ट्रायकोकार्डे आणली. सुमारे २०,००० अंडी चिकटवलेला हा कागद असतो. तांदळात होणाऱ्या पतंगाची ही अंडी, आणि त्यांत "ट्रायकोग्रामा" ही इवलीशी माशी वाढत असते. बाहेर पडली, की ती शेतातील किडीची अंडी शोधून त्यांत आपले अंडे घालते. ओल्या हवेत काही अळ्या खडूसारख्या पांढऱ्या होऊन पोंग्यातच मेलेल्या त्याला आढळल्या. ती बुरशीची करामत. त्याने निंबोळी अर्क वापरला, आणि शेवटी एका कोपऱ्यात एकदा विषही फवारले. पण विचारून, मोजून आणि तोंडाला फडके बांधून. थोडे नुकसान झाले. पीक मात्र घरी आले.

हे मुद्दाम सांगितले, कारण निसर्गाच्या नावाने चमत्काराची आशा दाखवणे योग्य नव्हे. मित्रकीटक सावकाश काम करतात, आणि ते किडीचा निर्वंश करत नाहीत. तो झाला, तर ते स्वतःच उपाशी मरतील. शेतात उरलेली थोडी कीड ही त्यांची शिदोरी आहे. आम्हा लेखापालांना शिल्लक शून्य दिसली की बरे वाटते. शेताच्या हिशेबात मात्र ती शून्यावर आणू पाहणारा अखेर तोट्यात जातो.

बंधुभगिनींनो, आपण पोटासाठी गाव सोडले. गावाविषयी आपली माया खरी आहे. पण लांबून माया दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पैसे पाठवणे आणि घाईचा सल्ला देणे. मी तेच केले आणि त्याची किंमत माझ्या भावाच्या शरीराने मोजली. दादा आता सत्तरीला आला आहे. त्या तीन फवारण्यांबद्दल त्याने मला कधी एका शब्दानेही दोष दिला नाही. म्हणूनच तो दोष आज या सभेत मी स्वतःच्या नावे नोंदवतो.

आपल्यापैकी कोणाला गावाहून असा फोन येईल, तेव्हा "औषध मारले का?" हा प्रश्न क्षणभर मागे ठेवावा. आधी विचारावे, "पानाच्या मागे काय दिसते?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.