नावाड्याचा नकार

एका तीरावरून दुसऱ्या तीराला जाणे ही गोष्ट शहरात राहणाऱ्यांस आता विचार करण्याजोगी वाटत नाही. पूल असतो, त्यावरून मोटार जाते, आणि खाली नदी आहे की नाला हे पाहण्यासाठी कोणी मानही वळवीत नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेच्या काठी मात्र घर एका तीराला आणि शेत वा मजुरी दुसऱ्या तीराला अशी कुटुंबे आढळतात. अंभोऱ्यास २०२३ साली तारांनी तोललेला, सातशे मीटरांहून अधिक लांबीचा पूल खुला झाला. तो पाहावयास दूरदूरची माणसे येतात, आणि तो पाहण्यासारखा आहेही. परंतु पूल एका जागी असतो, माणसाला मात्र आपल्या दारासमोरून पलीकडे जावयाचे असते. तेव्हा डोंगा अजून सुटतो. तो सोडणाऱ्याविषयी, आणि विशेषतः तो कधी कधी सोडीत नाही त्याविषयी, आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

माझी शाळा काही वर्षे नदीपलीकडे होती. उन्हाळ्यात पात्रातल्या डांगरवाड्यांच्या कडेने वाळू तुडवीत जावे, मध्ये गुडघाभर पाणी लागले तर धोतर खोचून घ्यावे, असा क्रम असे. पावसाळ्यात मात्र सारा भरवसा ढिवराच्या डोंग्यावर. आमचा नावाडी पुस्तकी विद्येच्या वाटेस कधी गेला नव्हता. पण त्याचे काम पाहिले म्हणजे भूमितीचा पाठ पाहिल्यासारखे वाटे. समोरच्या घाटाकडे तो डोंग्याचे तोंड कधीच धरीत नसे. आधी काठाकाठाने, बांबू रोवीत, डोंगा बराच वर चढवावयाचा. मग प्रवाहात तिरका सोडावयाचा. वल्हे थोडे आणि पाण्याचा रेटा पुष्कळ, अशा रीतीने तो नेमका पलीकडच्या घाटाला लागे. नदीशी झुंजण्यापेक्षा नदीकडून काम करून घेण्याची ही कला होय.

परंतु त्याची खरी विद्या निराळीच होती. सकाळी तो प्रथम पाण्याचा रंग पाही. आपल्याकडे आकाश निरभ्र असले तरी पाणी एकाएकी गढूळ होऊन त्यावर फेस आणि काटक्या वाहू लागल्या, की वर कोठेतरी जोराचा पाऊस झाला आहे हे त्यास कळे. मग माणसे चढू लागली की त्याची दृष्टी डोंग्याच्या काठावर. पाण्यापासून काठ चार बोटे वर राहिला, की पुढच्या माणसास तो हाताने थांबवी. डोंग्यात उभे राहावयाचे नाही ही त्याची दुसरी सक्ती. याचे कारण विज्ञानाच्या शिक्षकासही याहून सोपे सांगता येणार नाही: माणूस उभा राहिला की भार वर जातो, दहा माणसे घाबरून एका बाजूस झुकली की तो भार बाजूस सरतो, आणि उथळ काठावरून पाणी आत शिरावयास मग एकच हेलकावा पुरतो.

काही दिवशी तो म्हणे, “गुरुजी, आज डोंगा नाही सुटत.” घाटावर मग कोण गलका होई! कोणाची कचेरीत तारीख, कोणाच्या घरी लग्न, कोणाची लेक माहेरी यावयाची. कोणी दुप्पट पैसे देऊ करी, कोणी दुसऱ्या घाटावर जाण्याचा धाक घाली. हा मनुष्य विडी पेटवून खाली बसे. त्याचा नकार म्हणजे त्याच्याच चुलीवर पाणी, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानी येत नसे. ज्याने नाही म्हटले त्याचीच त्या दिवसाची कमाई बुडते, अशी ही व्यवस्था आहे, आणि ती आजही बदललेली नाही.

नदी मात्र बदलली. गोसेखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली, आणि पुढे पाणी अडल्यावर वरच्या अंगाला वाहत्या नदीचे विस्तीर्ण तळे झाले. येथे प्रवाहाचा रेटा नाही, म्हणून डोंगा तिरका सोडण्याची विद्या निरुपयोगी. उलट मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला लांबवर धाव मिळते आणि पूर्वी न दिसणाऱ्या लाटा उठतात. बुडालेल्या झाडांची खोडे पाण्याखाली दबा धरून असतात. बापाने मुलास शिकविलेली नदी राहिली नाही, नवी कोणी शिकविली नाही.

संकट पावसाळ्यातच येते असेही नव्हे. २०२४ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, याच वैनगंगेत गडचिरोली जिल्ह्यातील गणपूर येथे मिरची तोडावयास पलीकडे निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव उलटली आणि सहाजणी बुडाल्या. एका दिवसाच्या मजुरीसाठी!

ग्रीस देशात शेकडो बेटांवरची माणसे मुख्य भूमीला जाण्यासाठी आगबोटींवर विसंबून असतात. तेथे वाऱ्याचा जोर ठराविक मर्यादेबाहेर गेला, की बंदराचे अधिकारी बोटी सोडण्यास मनाई करतात. उतारू चडफडतात, फलाटावर सामान टाकून बसतात. पण कप्तानाशी हुज्जत घालीत नाहीत, कारण नकार त्याचा नसतोच. नियमाने सारे भागते असे नाही. २००० साली पारोस बेटाजवळ ‘एक्स्प्रेस सामिना’ ही बोट निष्काळजीपणाने खडकावर आदळून सुमारे ऐंशी माणसे गेली. तरी कोणी थांबावयाचे आणि कोणी थांबवावयाचे, एवढे तेथे ठरलेले आहे. इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसॉल या गृहस्थाने झगडून १८७६ साली व्यापारी जहाजांच्या बाजूवर भाराची रेषा काढणे कायद्याने सक्तीचे करविले. आमच्या नावाड्याची चार बोटे ती हीच. फरक इतकाच, की ती रेषा रंगाने काढलेली असल्यामुळे तिच्याशी कोणाला भांडता येत नाही.

आपल्याकडे कायद्याचा दुष्काळ कधीच नव्हता. १८७८ चा नावघाटांविषयीचा कायदा जुन्या मध्यप्रांतास लागू होता. त्यात घाटांचा लिलाव होता, तसेच नावेत किती माणसे व किती ओझे घ्यावे याविषयी नियम करण्याचा अधिकारही होता. २०२१ च्या अंतर्देशीय जहाजांच्या कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांची नोंद स्थानिक संस्थांनी करावी अशी तरतूद आहे. लिलाव मात्र आपणांस नियमांपेक्षा नेहमी अधिक चांगला जमतो, हे जाता जाता सांगावयास हरकत नसावी.

भंडाऱ्याजवळ कारध्यास वैनगंगेची पातळी मोजतात. धोक्याची पातळी २४५.५० मीटर, पावसाळ्यात हा आकडा वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचतो. तशीच एक खूण प्रत्येक घाटाच्या दगडावर आणि एक पांढरी रेषा प्रत्येक डोंग्याच्या अंगावर काढावयास रंगाचा एक डबा पुरेल. खुणेवर पाणी चढले की ग्रामपंचायतीने घाट बंद करावा, आणि त्या दिवसाचे नावाड्याचे भाडे पंचायतीच्या पेटीतून द्यावे. रक्कम फार नाही. शाळेच्या वार्षिक संमेलनात पाहुण्यांच्या हारांवर आम्ही याहून अधिक खर्च करीत असू.