एका दाखल्याची किती मतं?



मी राजकारणाचा अभ्यासक नाही. नालासोपाऱ्याहून लोकलला लटकत कामावर जाणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून घरातलंच सांगतो.

इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला मला रहिवासी दाखला हवा होता. आमच्या नगरसेवकांनी तो लगेच दिला. तेव्हापासून अब्बांचं मत त्यांनाच. त्यांनी पक्ष बदलला, अब्बांनी कारणही विचारलं नाही. अब्बांच्या कृतज्ञतेची मी थट्टा करत नाही. पण दाखला माझा हक्क होता. तो एकदा मिळाला, मतं मात्र अठरा वर्षं जातायत.

आपल्या तालुक्याला माणसामागे जायची जुनी सवय आहे. हितेंद्र ठाकूर १९९० ला काँग्रेसकडून आमदार झाले, १९९५ ला अपक्ष, पुढे स्वतःच्या आघाडीचे. चिन्ह कुठलंही असो, लोक 'आप्पा' म्हणूनच मत देत राहिले. २००९ ला गावं महापालिकेतून वगळण्याच्या मुद्द्यावर वसईने विवेक पंडितांना निवडलं. ते मत मुद्द्याला होतं. पण गावांचा प्रश्न कोर्टात रेंगाळला आणि २०१४ ला आप्पा परत आले. २०२४ ला सुमारे तीन हजार मतांनी पडले, पंडितांच्याच मुलीकडून, भाजपच्या उमेदवार म्हणून. तेव्हा नाक्यावर चर्चा कसली? कोण पडलं, कोण आलं. गावांचं काय, हे कोणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि त्याच काळात महापालिकेत काय होतं? जून २०२० ला मुदत संपली, मतदान थेट जानेवारी २०२६ ला. साडेपाच वर्षं प्रशासक. ज्यांच्यासाठी आपण एकमेकांशी भांडत होतो ते नगरसेवक तेव्हा पदावरच नव्हते. पाणी, कचरा, कब्रस्तान, विचारायचं कोणाला?

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला होता. आपल्या मोहल्ल्यात ती भक्ती आदल्या रात्रीच्या मेसेजमधून येते: 'यंदा अमुक.' कारण लिहिलेलं नसतं. यावेळी मी ग्रुपवर कारण विचारलं. दोन बुजुर्गांचे फोन आले, कारण काही आलं नाही.

अब्बा हे सगळं ऐकत होते. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी तेच जुने नगरसेवक दारात आले. अब्बांनी चहा दिला आणि विचारलं, "पाणी दिवसाआड येतं. सभागृहात कधी बोलणार?"

ते हसले. "चाचा, काही काम असेल तर ऑफिसला या ना."

अब्बा म्हणाले, "काम नाहीये बेटा. प्रश्न आहे."