गाडीतल्या घोड्याची तहान

(बदलापूरच्या एका कार्यकर्त्याने जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आमचा बदलापूरचा मुलूख भाताचा, तुमचा कापूस-ज्वारीचा. पण जनावर दोघांच्याही दावणीला आहे. जुनी माणसं सांगतात, सुरतेच्या वाटेवर इथं घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला हिशेब खरा आहे: थकलेलं, तहानलेलं जनावर पुढं रेटायचं नसतं.

आता घोडा टेम्पोतून जातो. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. आमच्याकडून कसारा घाट, नाशिक, धुळे असा रात्रभराचा प्रवास. माणूस म्हणतो, घोडा तर नुसता उभा आहे, त्याला कसली तहान? अहो, प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला तो तोल सावरतो, घाम गाळतो. वाऱ्यानं घाम वाळतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. घामाबरोबर मीठ भरपूर जातं आणि त्यामुळं अंगातलं पाणी घटूनही त्याला तहान नीट लागत नाही.

साध्या दिवशी घोडा २५ ते ४० लिटर पाणी पितो. बैलाच्या पोटात पाण्याचा साठा मोठा असतो, तो थोडा दम धरतो. घोड्याचं तसं नाही. पाणी तुटलं की आतड्यातला चारा सुकून अडकतो, पोटशूळ उठतो. जनावर जातं आणि कर्ज राहतं.

तेव्हा निघण्याआधी पोटभर पाणी पाजा. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून बादली पुढं करा. परकं पाणी घोडा हुंगून सोडतो, म्हणून घरचं पाणी कॅनमध्ये घ्या. नाहीतर आठ दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ घालून चव लावा. चारा भिजवून द्या. बादली आपलीच ठेवा, सामाईक हौदातून रोग लागतो. थांबल्यावर दोर सैल करा, मान खाली गेली की श्वासनळी मोकळी होते.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली नाही, हिरड्या कोरड्या लागल्या, तर पुढं जाऊ नका, डॉक्टर गाठा.

बैल नेतानाही हेच. १९७८ च्या नियमांप्रमाणे साध्या मालट्रकात सहापेक्षा जास्त गुरं भरता येत नाहीत. गर्दीत बादली आत जाणार कुठून?

डिझेलचा हिशेब आपण धरतो. भावांनो, पाण्याच्या थांब्यांचाही धरा.